क्लचचं दुखणं अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, घरातलं कुठलंही यंत्र बंद पडायच्या आधी कुरकुर करतं, हे तुम्हाला काही नव्यानं सांगायला नको. मिक्सरचा आवाज बदलला, कुकरची शिट्टी उशिरा व्हायला लागली, शिलाई मशीन जड चालू लागलं, की घरात सर्वांत आधी आपल्याच लक्षात येतं. पण गाडीत बसलं की हे तिखट कान कुठे जातात कोण जाणे! ‘गाडीतलं आपल्याला काय कळतंय?’ असं म्हणून आपण गप्प बसतो. मुलांची शाळा, बाजार, बँक, सासूबाईंना डॉक्टरकडे नेणं-आणणं, ही सगळी धावपळ आता आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतः गाडी चालवून करतात. म्हणजे दिवसातून शंभर वेळा क्लचवर पाय ठेवणारी आपणच. मग त्याचं दुखणंही आपल्यालाच आधी कळायला हवं, नाही का?

क्लच करतो तरी काय?

शिलाई मशीनवर बॉबिन भरताना तुम्ही काय करता, ते आठवा. चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल करता. मग पाय मारला की चाक फिरतं, बॉबिन भरते, पण सुई जागची हलत नाही. स्क्रू पुन्हा आवळला की चाकाबरोबर सुई चालू. गाडीतला क्लच नेमकं हेच काम करतो. इंजिन सतत फिरत असतं. त्याचा जोर चाकांकडे जाऊ द्यायचा की मध्येच तोडायचा, हे क्लच ठरवतो. पॅडल दाबलं की नातं तुटतं, सोडलं की जुळतं.

आत असते एक गोल चकती, तीच क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना खरखरीत लायनिंग असतं. इंजिनाला जोडलेलं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्यावर ही प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट, आणि पॅडल दाबल्यावर तो दाब काढून घेणारं रिलीज बेअरिंग. दर वेळी गाडी उचलताना प्लेट थोडी घासते, थोडी झिजते. चपलेचा तळ झिजावा तसंच हे. कुणाची चपल सहा महिन्यांत जाते, कुणाची दोन वर्षं टिकते. क्लचचंही तसंच. एकीचा 30 हजार किलोमीटरमध्ये संपतो, दुसरीचा लाखाच्या पुढे जातो.

ही लक्षणं ओळखा

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण म्हणजे क्लच घसरणं. वरच्या गिअरमध्ये तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता, इंजिनाचा आवाज चढतो, आर.पी.एम.चा काटा वर जातो, पण गाडीचा वेग काही त्या प्रमाणात वाढत नाही. चढावर, किंवा गाडीत पाच माणसं आणि सामान असताना हे आधी जाणवतं. इंजिन ओरडतंय आणि गाडी रेंगाळतेय, असं वाटलं की समजावं प्लेटची पकड सुटत चालली आहे. अशा वेळी पेट्रोलही जास्त जाळलं जातं.

दुसरं, पॅडल फार वर आल्यावर गाडी उचलणं. पूर्वी पाय निम्मा उचलला की गाडी हलायची, आता पाय जवळजवळ पूर्ण सोडावा लागतो. केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये हा बदल हळूहळू होतो. रोज चालवणारीला त्याची सवय होऊन जाते, म्हणून मुद्दाम लक्ष ठेवा.

तिसरं, करपल्याचा वास. घाटात तासभर गर्दीत अडकून एखादे वेळी वास आला तर घाबरू नका, गाडी थोडा वेळ थांबवून थंड होऊ द्या. पण गावातल्या गावात फिरतानाही वास येत असेल, तर दुर्लक्ष करू नका.

चौथं, गाडी उचलताना थरथर. पहिल्या गिअरमध्ये किंवा रिव्हर्समध्ये क्लच सोडताना गाडी धडधडते. याचं कारण कधी प्लेटवर आलेलं तेल असतं, कधी फ्लायव्हील खराब झालेलं असतं, तर कधी इंजिनाखालची रबरी माउंटिंगं गेलेली असतात.

पाचवं, आवाज. गाडी न्यूट्रलमध्ये चालू असताना पॅडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल, तर बहुधा रिलीज बेअरिंग गेलं आहे. उलट, पाय काढलेला असताना घरघर आहे आणि पॅडल दाबल्यावर ती थांबते, तर दोष बहुधा गिअरबॉक्समधल्या बेअरिंगचा. एवढं नीट सांगितलंत तरी मेकॅनिकचं अर्धं काम होतं.

स्वतः करून बघण्यासारखी परीक्षा

सपाट, मोकळं मैदान बघा. पुढे-मागे माणूस, मूल, भिंत काही नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, उजवा पाय ब्रेकवर घट्ट ठेवा. इंजिन चालू करून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन गचका देऊन लगेच बंद पडेल. पॅडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं, तर प्लेट संपली म्हणून समजा. ही परीक्षा एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळेल.

इंजिन बंद पडलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. थोडी झिजलेली प्लेट या परीक्षेत उत्तीर्ण होते. तिच्यासाठी दुसरी परीक्षा. रिकाम्या सरळ रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, ताशी 40 किलोमीटरच्या आसपास असताना अॅक्सिलरेटर जोरात दाबा. आवाज आणि वेग बरोबरीनं वाढले तर ठीक. आवाज पुढे पळाला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतो आहे.

दर वेळी प्लेटच गेलेली नसते

आता खर्चाची गोष्ट. क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यामुळे सामानाइतकीच मजुरीही डोळ्यांत भरते. घरखर्चाच्या वहीत ही रक्कम लिहिण्याआधी स्वस्तातल्या गोष्टी तपासून घ्याव्यात.

गिअर पडताना खरखर होते, रिव्हर्स तर पडतच नाही, अशी तक्रार असेल तर इंजिन बंद करून गिअर टाकून बघा. बंद गाडीत सगळे गिअर सहज पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर पॅडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. याचं कारण बरेचदा ताणलेली केबल किंवा कमी झालेलं तेल असतं. बंद गाडीतही गिअर अडत असतील, तर दोष गिअरच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्समध्ये शोधायला हवा. पॅडल मऊ लागतं, खाली जाऊन बसतं, तर गळती आहे का ते बघा. तेलावर चालणाऱ्या क्लचला पुष्कळ गाड्यांत ब्रेकच्याच डबीतून तेल जातं. त्या डबीतली पातळी खाली गेली असेल तर ब्रेकचाही प्रश्न आहे, तेव्हा ते काम त्याच दिवशी करून घ्या. केबलच्या गाडीत नुसतं आवळून-सैल करूनही कधी कधी काम भागतं.

प्लेटवर तेल आलं असेल, तर ते कुठून आलं हे आधी विचारा. गळणारं सील तसंच ठेवून नवी प्लेट बसवली, तर पैसे पाण्यातच गेले.

‘तुला भास होतोय’

माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेचं सासर कराडला, माहेर चिपळूणला. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिला आणायला जायचं ठरलं होतं. येताना आईवडिलांना आणि सामानाला घेऊन कुंभार्ली घाट चढायचा होता. आठ दिवस आधीपासून तिला गाडीचा आवाज वेगळा वाटत होता. घरात सांगितलं, तर ‘अगं, तुला भास होतोय, गिअर नीट टाकत जा’ एवढंच उत्तर. गॅरेजवाल्यानंही गल्लीत एक चक्कर मारून गाडी परत दिली. बाई मात्र हटली नाही. मेकॅनिकला शेजारी बसवून तिनं गाडी चढाच्या रस्त्यावर नेली आणि चौथ्या गिअरमध्ये तो आवाज त्याला ऐकवला. क्लच उघडला तेव्हा प्लेटचं लायनिंग खिळ्यांपर्यंत झिजलेलं निघालं. ती प्लेट घाटात अर्ध्यावर संपली असती, तर आजारी माणसाला घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं असतं.

सांगायचं तात्पर्य, तुमचं निरीक्षण ठामपणे मांडा. केव्हापासून, कुठल्या गिअरमध्ये, चढावर की सपाटीवर, गाडी गार असताना की तापल्यावर, हे चार ओळींत कागदावर लिहून न्या. ‘गाडी बरोबर नाही’ एवढ्यावर कुणी लक्ष देत नाही, नेमकं सांगितलं की देतात.

गॅरेजमध्ये जाताना

प्लेट बदलायची ठरलीच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा सगळा सेट एकदम बदलून घ्या. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर बेअरिंग ओरडलं, तर मजुरी पुन्हा तेवढीच पडते. फ्लायव्हीलवर चरे किंवा जळल्याचे निळे डाग आहेत का, ते स्वतः बघा. काढलेलं सामान दाखवायला सांगा. बिलावर प्रत्येक भागाचं नाव वेगळं लिहून घ्या. आणि घसरणारा क्लच महिनोन् महिने ओढू नका. लायनिंग संपल्यावर लोखंडावर लोखंड घासतं, आणि फ्लायव्हीलचा खर्च वर बसतो.

वाटेतच क्लच घसरायला लागला, तर खालच्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर हलका ठेवून, बाजूला सुरक्षित जागा गाठा. अर्धा तास गाडी थंड होऊ द्या आणि जवळचं गॅरेज गाठा. रात्रीच्या वेळी घाट चढायचं साहस नको.

आयुष्य वाढवायचं तर

गाडी चालताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नका. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून न धरता हँडब्रेक लावा. सिग्नलला न्यूट्रल करा. गाडी नेहमी पहिल्याच गिअरमध्ये उचला, दुसऱ्यात नको. नवी प्लेट बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर जरा सांभाळून चालवा.

ज्यांच्या गाडीला क्लचचं पॅडलच नाही, त्यांनीही जरा थांबावं. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे ‘ए.एम.टी.’ गाड्या आल्या. त्यांत क्लच प्लेट असतेच, फक्त ती दाबायचं काम यंत्र करतं. चढावर नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत, तर तीही जळते. विजेच्या गाडीला मात्र ही कटकट नाही.

आपण बायका स्वतःचं दुखणं अंगावर काढतो, आणि मग ते दुप्पट होऊन पुढे उभं राहतं. गाडीच्या बाबतीत तरी तसं नको. उद्या सकाळी गाडी बाहेर काढाल, तेव्हा दोन मिनिटं रेडिओ बंद ठेवा. चौथ्या गिअरला इंजिनाचा आवाज ऐका आणि काट्याकडे एक नजर टाका. सगळं ठीक असेल तर निश्चिंत मनानं कामाला लागा. नसेल, तर लांबचा प्रवास ठरवण्याआधी गॅरेजची वाट धरा.