पट्टी काढायचे पैसे वेगळे लावा

डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात उतरू पाहणारे बरेच जण विचारतात, "सर, गल्लोगल्ली गॅरेज आहेत, मग आपण वेगळं काय करायचं?" आज अशाच एका वेगळ्या कामाबद्दल बोलू. जुन्या कन्व्हर्टिबल, म्हणजे उघड्या टपाच्या गाड्यांच्या बाहेरच्या पट्ट्या, बीडिंग आणि कडेची मोल्डिंग न मोडता काढायची, दुरुस्त करायची आणि परत बसवायची. काम किचकट आहे, वेळखाऊ आहे. रोज दहा गाड्या काढणारं गॅरेज त्यात पडत नाही, आणि तुमची जागा तिथेच आहे.

आता हे गिऱ्हाईक कोण? 2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नकोत. म्हणजे मालकाला "नवीन काहीतरी बसवून द्या" नको असतं, त्याला त्याचीच पट्टी परत हवी असते. ती तुटली तर बाजारात दुसरी मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी परदेशातून मागवावी लागते. तुमच्या हातात मोडलेला वीतभर तुकडा तुमची अख्खी मजुरी खाऊन टाकू शकतो.

उदाहरण म्हणून ब्रिटिश एमजीबी घ्या. ही 1962 ते 1980 या काळात बनली. पुढच्या मडगार्डपासून दारावरून मागेपर्यंत तिची चकचकीत पट्टी तुकड्यांत जाते. टप नसलेल्या गाडीची बॉडी बंद गाडीपेक्षा जास्त पिळवटते. इतकी वर्षं ती पीळ सोसलेली असते, त्यात आतल्या क्लिपा गंजलेल्या. म्हणून बंद गाडीच्या सवयीने हात घालू नका.

हात लावण्याआधी पट्टी कशाची आहे ते ओळखा. आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर बहुधा आत लोखंड आहे, वर क्रोम. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, जस्ताचं ओतीव काम किंवा बहुतेक प्रकारचं स्टेनलेस असू शकतं. मग वजन बघा, मागची बाजू बघा. स्टेनलेसचा पोचा मागून लाकडी ठोकणीवर हळूहळू उठवता येतो, नंतर घासून बफ करा, झकास निघतं. ॲल्युमिनियम मऊ असतं आणि बहुधा त्यावर ॲनोडायझिंगचा थर असतो. तो थर न काढता बफ मारला तर चट्टे पडतात. जस्ताचं ओतीव काम सगळ्यात बेभरवशाचं: क्रोमखाली खड्डे पडलेले असतात आणि वाकवलं की कडकन तुटतं. ते सरळ करायच्या फंदात पडू नका.

काढताना घाई नको. कडेच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा, प्लास्टिकची किंवा लाकडी पाचर घ्या. एका टोकाला जोर देऊन पट्टी उचकटली की ती मधेच दुमडते, आणि दुमड पूर्ण जात नाही. एक क्लिप सैल करा, मग पुढच्या क्लिपकडे सरका. कुठे आतून नट असतो, तो दाराचं आतलं पॅनेल काढल्याशिवाय दिसत नाही. गंजलेल्या नटाला तेल सोडून रात्रभर थांबलेलं परवडतं. चिकटवलेली पट्टी असेल तर हेअर ड्रायरने कोमट करा आणि मागून मासेमारीचा नायलॉन दोरा करवतीसारखा ओढा.

नंतरच्या काळातल्या गाड्यांत, उदाहरणार्थ 1989 ची माझदा एमएक्स-5, प्लास्टिक आणि रबर जास्त. ते उन्हाने कडक झालेलं असतं, थंडीच्या सकाळी तर अजिबात वाकवू नका. मागे एबीएस किंवा पीपी अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसली तर वाचा. एबीएस इपॉक्सीने जोडता येतं. पीपीवर साधा गोंद टिकत नाही, तिथे पीपीच्याच काडीने वेल्डिंग लागतं.

क्रोमचं काम मात्र घरी करू नका. प्लेटिंगचं सांडपाणी विषारी असतं, त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. संमती असलेल्या प्लेटिंगवाल्याशी संबंध जोडा आणि त्याचा दर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

आता पैशाचं. कोटेशनमध्ये "पट्टी दुरुस्ती" अशी एकच ओळ लिहू नका. काढणी, दुरुस्ती, नवीन क्लिपा, बसवणी अशा चार ओळी करा. समजा, तुम्ही सगळं मिळून 4,000 म्हणालात आणि काढणीतच दोन दिवस गेले, तर तुमच्या हाती काय राहिलं? शिवाय काढण्याआधी प्रत्येक तुकड्याचा फोटो काढा, असलेली चीर गिऱ्हाइकाला दाखवा, "जुना भाग काढताना तुटू शकतो" हे लेखी घ्या. लाजू नका, मालक उलट निर्धास्त होतो.

बसवताना टपाच्या मुळाशी जिथे पट्टीचे स्क्रू बॉडीत शिरतात, तिथे सीलंट भरा. पाणी निघायची भोकं मात्र बुजवू नका. डिलिव्हरीआधी टप लावून दहा मिनिटं नळीने पाणी मारा आणि डिकीतली मॅट उचलून हाताने चाचपून बघा. ओल लागली तर पट्टी पुन्हा काढावी लागेल, आणि त्या दुसऱ्या काढणीचे पैसे कोणी देत नाही.