शरणपूरचा जेकब

नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीचा विषय निघाला की मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. जलालपूर आणि ‘स्मृतिचित्रे’ सर्वांना ठाऊक आहेत. शरणपूर मात्र बहुतेकांसाठी शरणपूर रोड या पत्त्यापुरतंच उरलं आहे. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात शहराबाहेर ही वस्ती उभारली. शाळा, इमारती, वर्गण्या हा तपशील मिशनच्या कागदांत भरपूर आहे आणि तो तिथेच राहिला तरी चालेल. माझं म्हणणं एवढंच आहे की बाप्तिस्मा आणि दृढीकरण घेऊन आज जो कोणी या मंडळीचा सभासद होतो, त्याला पूर्वज म्हणून प्राइससाहेबांच्या आधी आफ्रिकेतून आलेल्या मुलांची ओळख करून द्यायला हवी.

हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडून ब्रिटिश आरमार त्यांतली मुलं मुंबईला उतरवत असे. त्यांतली बरीच शरणपूरला आली, सुतारकी-लोहारकी शिकली. इंग्रजी पुस्तकांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात आणि आफ्रिका धुंडाळणारे मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन यांचे इमानी नोकर म्हणून दोन ओळींत उरकतात. याओ जमातीचा जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. लिव्हिंग्स्टनकडे १८७२मध्ये पाठवलेल्या तांड्यात तो होता. मे १८७३मध्ये मध्य आफ्रिकेत चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्या मुक्कामी ना पाद्री होता, ना कुणी गोरा माणूस. सोबत्यांनी काळीज काढून झाडाखाली पुरलं, देहाला मीठ लावून तो उन्हात वाळवला. पुरताना दफनविधीची प्रार्थना वाचली जेकबने. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. पुढे हजार मैलांहून अधिक वाट तुडवत त्यांनी तो देह किनाऱ्यावर बागामोयोला आणला. वाटेत भेटलेल्या, लिव्हिंग्स्टनच्याच मदतीला निघालेल्या इंग्रज लेफ्टनंट कॅमेरॉनने देह इथेच पुरा म्हणून सुचवलं, ते त्यांनी मानलं नाही. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनावेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. या सगळ्याची त्याने स्वतःच्या अक्षरात इंग्रजी रोजनिशी ठेवली. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूसमयी हजर असलेल्या माणसाने स्वहस्ते लिहिलेली तेवढी एकच हकिगत हाती आहे, आणि तिच्या पानांची छायाचित्रं जगापुढे यायला २०१९ साल उजाडावं लागलं.

यावर कुणी म्हणेल, लहानपणी धरून आणलेल्या मुलांचा बाप्तिस्मा ही काही त्यांची निवड नव्हती. नावंसुद्धा दुसऱ्यांनी ठेवलेली. आक्षेप खरा आहे आणि मिशनच्या गोडगोड वर्णनांनी तो पुसला जात नाही. पण चितांबोला जेकबला हुकूम करणारा कोण होता? प्रार्थनेचं पुस्तक त्याने हातात घेतलं ते मोठेपणी, आपल्या अकलेने. पाद्री नसताना मंडळीचं काम सभासदाने करायचं असतं, ते त्याने केलं. दुसरा आक्षेप लिव्हिंग्स्टन यांचाच: शरणपूरच्या मुलांच्या आळसाबद्दल त्यांनी रोजनिशीत तक्रारी केल्या आहेत. केल्या असतील, पण त्या जेकबच्या आधी लिव्हिंग्स्टनबरोबर गेलेल्या तुकडीतल्या मुलांबद्दल आहेत, आणि साहेबाच्या तक्रारीवरून माणूस जोखायचा तर साहेबाच्या पश्चात त्या माणसांनी काय केलं तेही मोजलं पाहिजे. तिसरा आक्षेप असा की ही मंडळी दोन दशकांत नाशिक सोडून गेली. गेली हे खरं. १८७५मध्ये प्राइसनीच मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसवलं आणि इथल्या अनेकांना तिकडे नेलं. पण शरणपूरचं शिक्षण काय होतं ते पाहायचं तर तिकडेच पाहावं लागतं. नाशकात शिकलेला विल्यम जोन्स त्याआधीच, १८६४मध्ये मोंबासाजवळच्याच रबाईच्या मिशनवर गेला होता. १८८५मध्ये पूर्व आफ्रिकेचे बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला दीक्षा दिली, आणि त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशपांची हत्या झाल्यावर उरलेला तांडा माघारी आणला तो जोन्सनेच. एकेकाळी स्वतः गुलाम असलेल्या या माणसाच्या रबाईत मळ्यांवरून पळालेले गुलाम आसऱ्याला येत. मालक त्यांना परत मागत राहिले, मिशनचे वरिष्ठही अडचणीत आले. शेवटी भरपाईचे पैसे मोजावे लागले आणि १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेंच्या आसपास माणसांना मुक्तीचे दाखले मिळाले.