नायट्रो गाडीची रिसीव्हर बॅटरी: आधी सर्व्हो बघा

नायट्रो आरसी गाडीचं इंजिन इंधनावर चालतं, पण स्टिअरिंग, थ्रॉटल आणि ब्रेक सांभाळणारे सर्व्हो चालतात रिसीव्हरच्या छोट्या बॅटरीवर. ती धावताना संपली आणि थ्रॉटल उघडा असला, तर गाडी सुसाट सुटते. इथे काटकसर नकोच.

चार पेन्सिल सेलचा डबा मी वापरत नाही. दोन्ही सर्व्हो एकदम जोर लावतात तेव्हा अल्कलाइन सेलचा व्होल्टेज झपकन पडतो, शिवाय उड्यांमध्ये सेल स्प्रिंगवरून हलतात.

नवख्यांनी पाच सेलचा, 6 व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक घ्यावा. दोन सेलचा लिपो पूर्ण चार्ज झाला की 8.4 व्होल्ट देतो. 6 व्होल्टचा सर्व्हो त्यावर जळू शकतो. तिथे रेग्युलेटर किंवा हाय-व्होल्टेज सर्व्हो हवाच. माझी पसंती लाइफला, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेटला: दोन सेल, 6.6 व्होल्ट, आणि पेट घेण्याचा धोका लिपोपेक्षा बराच कमी. फक्त चार्जरवर लाइफचाच मोड निवडा. लाइफचा सेल 3.6 व्होल्टला भरतो, लिपोचा 4.2 ला.

आणि हो, रिसीव्हरला वीजच नसेल तर त्यातला फेलसेफही काम करत नाही. कार्बोरेटरला रिटर्न स्प्रिंग लावाच.