पिल्लांची ऊब आणि गोणपाटाचा पडदा

माग थंडावले की पुष्कळ घरांत अंगणात शंभर-दोनशे पिल्ले पाळण्याचा विचार होतो. जोडधंदा चांगला आहे. मात्र फेब्रुवारीतील एक रात्र साऱ्या नफ्यावर पाणी फिरवते. दुपारी कडक ऊन, पहाटे गारठा. पिसे फुटेपर्यंत पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट उष्णतामान हवे. पुढे दर आठवड्यास ५ अंश कमी करीत ७० पर्यंत आणावे. परंतु खरा थर्मामीटर पिल्लेच. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकली तर गरमी. एकाच बाजूला दाटली तर वाऱ्याचा झोत. सर्वत्र पसरून दाणे टिपू लागली की ठीक.

पत्र्याचे कडे गोल असावे. कोपऱ्यात गारठलेली पिल्ले एकमेकांवर चढतात, खालची गुदमरतात. खाली दोन-तीन इंच भाताचे तूस पसरावे. ओले झाले की बदलावे.

पडद्यासाठी आम्हा कापडवाल्यांचा सल्ला : प्लॅस्टिक नको, गोणपाट घ्या. प्लॅस्टिकने दमट हवा व विष्ठेचा उग्र वायू कोंडतो. पडदा खाली पक्का बांधून वरून उघडेल असा करावा. उन्हात खाली सोडावा, असरनंतर वर ओढावा. वीज गेल्यास कोळशाची शेगडी तयार असावी. तेव्हाही वर चार बोटे फट ठेवावीच.

मुका जीव तक्रार करीत नाही. फजरला उठल्यावर एक फेरी तिकडे मारावी. रोजीत बरकत अशा राखणीतूनच येते.