मीडियम फॉरमॅट त्रिमितीय छायाचित्रण

मीडियम फॉरमॅट त्रिमितीय छायाचित्रण ही १२० क्रमांकाच्या रोल फिल्मवर चित्रांची जोडी टिपून दृश्यातील खोलीचा प्रत्यय देणारी छायाचित्रण पद्धत आहे. यातील प्रत्येक चित्र साधारणतः ६ × ६ सेंमी. आकाराचे असते.

तत्त्व
माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये सुमारे ६५ मिमी. अंतर असल्याने प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे दृश्य दिसते व मेंदू या फरकावरून खोली ओळखतो. चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्ये हे तत्त्व स्टीरिओस्कोपद्वारे मांडले. सहा सेंमी. रुंदीची दोन चित्रे डोळ्यांइतक्या अंतरावर शेजारी-शेजारी जेमतेम मावतात. त्यामुळे आरसे वा लोलक न वापरता साध्या भिंगांतून पाहता येणाऱ्या चित्रांचा हा जवळजवळ कमाल आकार ठरतो. १९४७ च्या 'स्टीरिओ रिॲलिस्ट' या ३५ मिमी. कॅमेऱ्यातील चित्राच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ साडेपाच पटींहून अधिक भरते.

साधने
जर्मनीतील फ्रांके आणि हायडेके कंपनीने १९२६ मध्ये 'रोलायडोस्कोप' हा रोल फिल्मचा कॅमेरा आणला. त्यात चित्रणाची दोन भिंगे व त्यांच्यामध्ये दृश्य पाहण्याचे तिसरे भिंग होते. सोव्हिएत संघात लेनिनग्राड येथे १९५० च्या दशकापासून तयार झालेल्या 'स्पुतनिक' कॅमेऱ्याची रचनाही तीन भिंगांची असून त्यांची नाभीय लांबी ७५ मिमी. आहे. एका फिल्मवर त्याने सहा जोड्या मिळतात. त्याच्या आतील चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाश परावर्तित होऊन चित्र फिकट होते. म्हणून अनेक छायाचित्रकार आतून काळे अस्तर लावतात. स्थिर वस्तूंसाठी एकच कॅमेरा पट्टीवर सरकवून दोन चित्रे घेता येतात. मात्र दोन चित्रणांदरम्यान हललेली पाने, लाटा किंवा ढग जोडीत जुळत नाहीत.

चित्रणतंत्र
सर्वांत जवळची वस्तू भिंगांमधील अंतराच्या किमान तीसपट दूर असावी, असा स्थूल नियम आहे. ६५ मिमी. अंतरासाठी ही मर्यादा सुमारे दोन मीटर येते. याहून जवळच्या वस्तू दूरच्या पार्श्वभूमीसह टिपल्यास दोन चित्रांतील फरक वाढून डोळ्यांवर ताण येतो. त्रिमितीय चित्रात नजर सर्व अंतरांवर फिरत असल्याने जवळचे व दूरचे दोन्ही भाग सुस्पष्ट असावे लागतात. ७५ मिमी. भिंग एफ/२२ वर ठेवून सुमारे पाच मीटरवर केंद्रित केल्यास अंदाजे अडीच मीटरपासून अनंतापर्यंतचा भाग स्पष्ट येतो. इतक्या लहान ॲपर्चरमुळे शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते व तिपाई आवश्यक ठरते.

जोडणी व दर्शन
कॅमेऱ्यात प्रतिमा उलट्या पडतात. फिल्मची पट्टी सुलट फिरवली की डावे चित्र उजवीकडे जाते. म्हणून चित्रे कापून त्यांच्या जागांची अदलाबदल करावी लागते. तसे न केल्यास खोली उलटी भासते, म्हणजे दूरची वस्तू जवळ दिसते. जोडणी करताना दोन्ही चित्रे एकाच उंचीवर ठेवतात. समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमांमधील अंतर चौकटींमधील अंतरापेक्षा किंचित जास्त ठेवल्यास दृश्य खिडकीपलीकडे असल्यासारखे दिसते. दर्शकाच्या भिंगांची नाभीय लांबी कॅमेऱ्याच्या भिंगांइतकी असल्यास अंतरांचे प्रमाण नैसर्गिक वाटते.