'आम्ही', 'आपण' आणि 'हम'

लोधीखेडा परिसरात मराठी, हिंदी व उर्दू शेजारी नांदतात. मराठीत ऐकणाऱ्यास वगळून 'आम्ही' आणि सामावून घेऊन 'आपण' म्हणतात. हिंदी-उर्दूत दोन्हींसाठी 'हम' हे एकच सर्वनाम आहे. म्हणून उर्दूभाषक विद्यार्थी मित्राला 'आम्ही जाऊ' म्हणतो, तेव्हा नकळत मित्रच वगळला जातो. स्पॅनिशमध्ये भेद 'तुम्ही'त आहे: स्पेनच्या बहुतांश भागात जवळच्या अनेकांना 'व्होसोत्रोस' म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत जवळच्या-परक्या सर्वांना 'उस्तेदेस'. तेथे दोन्ही रूपे प्रमाण आहेत. आपल्या विद्यार्थ्याची चूकही अज्ञानाची नसून मातृभाषेच्या सवयीची आहे. तेव्हा प्राध्यापकांनी लाल रेघ मारण्यापूर्वी विचारावे, "मित्र सोबत येणार आहे काय?" उत्तर देताना 'आपण' त्याला आपोआप उमगेल.