'जरा बघून घे' म्हणजे नक्की काय?

'जनरेशन गॅप' म्हटलं की आपल्याला आई-बाबा आठवतात. पण खरी गॅप कळते ती ट्रेनिंगला गेल्यावर! आमच्या नातेपुत्याच्या आसपास साखर कारखाने आहेत. तिथे तीस-तीस सीझन काढलेला फिटर आणि कालपरवा डिप्लोमा झालेला पोरगा एकाच शिफ्टला असतात. अण्णा म्हणतात, "पंपाचा आवाज येतोय, जरा बघून घे." त्यांच्या मते याचा अर्थ : बेअरिंग गरम आहे का, ऑइल आहे का, फाउंडेशन बोल्ट ढिले नाहीत ना, सगळं तपास. पोरगा लांबून नजर टाकतो आणि मोबाईलवर 'ओके' पाठवतो. अण्णांना तो उद्धटपणा वाटतो, पोराला कळत नाही अण्णा का चिडले.

यात स्वभावाचा दोष कमी आणि सवयीचा जास्त आहे. जुन्या पिढीने काम उस्तादाच्या हाताखाली उभं राहून शिकलं. अर्धं वाक्य पुरायचं, कारण उरलेलं अर्धं समोरच्या मशीनवर दिसायचं. तातडीचं असलं तर तार, आणि तारेत शब्दागणिक पैसे. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा. आपण सगळे त्यानंतरचे. म्हणून आपल्याला बोलण्यापेक्षा टाईप करणं सोपं जातं. गंमत म्हणजे दोन्ही पिढ्या कमी शब्दांतच बोलतात, फक्त गाळलेले शब्द वेगळे!

पण गाळलेला शब्द महागात पडू शकतो. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या 'पायपर अल्फा' या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. त्यांनी तोच पंप चालू केला, गॅस बाहेर आला आणि स्फोट झाला. तिथे वयाचा प्रश्न नव्हता, पण निरोप अर्धा राहिला की काय होतं ते यातून कळतं.

मग उपाय काय? तो आमच्या गावातून दरवर्षी चालत जातो! माउलींच्या पालखीचा मुक्काम नातेपुत्यात असतो. संध्याकाळी समाज आरतीच्या वेळी चोपदाराने दंड वर केला की हजारो वारकरी एकदम शांत होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतो. म्हाताऱ्या विणेकऱ्यापासून पहिल्या वारीच्या पोरापर्यंत सगळ्यांना ती खूण माहीत असते.

शॉप फ्लोअरवरही अशीच सामायिक खूण हवी. काम ऐकलं की ते आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा : "अण्णा, म्हणजे बेअरिंग आणि ऑइल बघू ना?" झालेलं काम लॉगबुकात लिहा, आणि पुढच्या शिफ्टला तोंडीही सांगा. सीनियर मंडळींनाही विनंती, आमचा 'ओके' म्हणजे 'हो साहेब'च समजा. पण नुसत्या 'ओके'वर पंप मात्र चालू करू नका!